गावच्या बाप्टिस्ट मंडळीचा इतिहास कसा लिहावा आणि वर्धापन दिन कसा साजरा करावा : नाशिक जिल्ह्यातील मंडळ्यांसाठी मार्गदर्शन

नाशिक जिल्ह्यातील एखाद्या गावच्या बाप्टिस्ट मंडळीला पन्नास, पंचाहत्तर किंवा शंभर वर्षे पूर्ण होत आली की कमिटीच्या पहिल्याच बैठकीत मांडव, जेवण आणि पाहुणे वक्ते यांची चर्चा सुरू होते. त्या चर्चेला पुष्कळ वेळ आहे. आधी मंडळीच्या जुन्या नोंदवह्या कोणाच्या घरी आहेत, त्या कोणत्या अवस्थेत आहेत आणि जुने दिवस आठवणारी कोणकोणती माणसे आज आपल्यात आहेत, हे विचारले पाहिजे. वर्धापन दिनाच्या किमान दीड वर्ष आधी या कामाला लागावे, असे माझे स्पष्ट मत आहे. सोहळा एका दिवसाचा असतो. त्या निमित्ताने लिहिला गेलेला इतिहास पुढच्या पिढ्या खरा मानून चालतात, म्हणून तो खरा असण्याची जबाबदारी आजच्या कमिटीवर येते.

आरंभाचा दिवस आधी ठरवावा

बहुतेक मंडळ्यांत आरंभाच्या पाच-सहा तारखा सांगितल्या जातात. पहिला प्रचारक गावात आला तो दिवस, पहिला बाप्तिस्मा झाला तो दिवस, कोणाच्या तरी ओसरीवर नियमित उपासना सुरू झाली तो काळ, मंडळीची रीतसर रचना झाली तो दिवस, मंदिराची कोनशिला बसली ती तारीख आणि मंदिराचे समर्पण झाले ती तारीख. कोनशिलेवर तारीख कोरलेली असल्यामुळे बहुतेकांचा कल तीच धरण्याकडे असतो. बाप्टिस्ट परंपरेच्या दृष्टीने मात्र हा कल योग्य नाही. या परंपरेचा उगम इ. स. १६०९ मध्ये ॲमस्टरडॅम येथे जॉन स्मिथ यांच्याभोवती जमलेल्या इंग्रज निर्वासितांच्या मंडळीत मानला जातो आणि त्यांचे सहकारी थॉमस हेल्विस यांनी मायदेशी परतून १६१२ च्या सुमारास लंडनजवळ इंग्लंडमधील पहिली बाप्टिस्ट मंडळी सुरू केली. तेव्हापासून या लोकांची धारणा अशी राहिली आहे की, ज्यांनी स्वतः समजून उमजून विश्वास धरला आणि बाप्तिस्मा घेतला, ते देवाशी व एकमेकांशी करार करून एकत्र येतात तेव्हा मंडळी अस्तित्वात येते. तिला छप्पर मिळते ते नंतर, कधी कधी कित्येक वर्षांनी. म्हणून पहिल्या सभासदांनी मंडळी म्हणून एकत्र येण्याचे ठरवले तो दिवस मिळत असेल, तर तोच स्थापना दिन धरावा आणि मंदिराच्या समर्पणाचा दिवस स्वतंत्रपणे नोंदवावा.

असा दिवस सापडलाच नाही तर अंदाजे तारीख ठरवून ती छापण्याचा मोह टाळावा. त्याऐवजी मंडळीचा सर्वांत जुना लेखी उल्लेख ज्या कागदात आहे त्या कागदाचे वर्ष द्यावे आणि 'उपलब्ध कागदपत्रांनुसार' असे स्वच्छ लिहावे. पूर्वीच्या पिढीने पंचविसावा किंवा पन्नासावा वर्धापन दिन वेगळ्या तारखेने साजरा केला असेल, तर तीही तारीख इतिहासात नमूद करावी. वडीलधाऱ्यांनी एखादी तारीख पाळली त्यामागे त्यांना माहीत असलेले काही कारण असू शकते. अंतिम निर्णय पाळकसाहेबांनी किंवा कार्यवाहांनी एकट्याने घेऊ नये. बाप्टिस्ट मंडळीत असे निर्णय सभासदांच्या सभेत होतात, म्हणून हा विषय सभेपुढे ठेवावा आणि ठराव इतिवृत्तात लिहून घ्यावा.

कागद कोठे शोधावेत आणि कसे वाचावेत

सर्वांत मोलाचा कागद म्हणजे सभासदांच्या सभेचे इतिवृत्त. ज्या पंथांत बिशपांचा अधिकार चालतो तेथे महत्त्वाचे निर्णय धर्मप्रांताच्या कार्यालयात होतात आणि तेथेच त्यांचे कागद राहतात. बाप्टिस्ट मंडळी स्वतःचा कारभार स्वतः पाहते. पाळकांना बोलावणे, नव्या सभासदांना स्वीकारणे, गावाबाहेर गेलेल्यांना शिफारसपत्र देणे, शिस्तीचे प्रश्न सोडवणे, जमिनीचा व्यवहार करणे, हे सारे गावातल्याच सभेत ठरते. त्यामुळे शाळेच्या वहीत शाईने लिहिलेले एक इतिवृत्त परदेशातल्या पत्रांच्या गठ्ठ्यापेक्षा अधिक सांगते. ते बहुधा माजी कार्यवाहांच्या किंवा खजिनदारांच्या घरी लोखंडी पेटीत असते. कार्यवाह वारले असतील तर त्यांच्या मुलांकडे, सुनांकडे आदराने चौकशी करावी, कागद मागताना पोच द्यावी आणि काम झाल्यावर परत करावेत किंवा मंडळीच्या कपाटात ठेवण्याची त्यांची लेखी संमती घ्यावी.

बाप्तिस्म्याची नोंदवही वाचताना एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. अँग्लिकन किंवा कॅथॉलिक नोंदवहीत तान्ह्या बाळांचा बाप्तिस्मा असतो, त्यामुळे त्या तारखेवरून माणसाचे जन्मवर्ष साधारणपणे कळते. बाप्टिस्ट मंडळीत बाळाचे फक्त समर्पण होते आणि बाप्तिस्मा कळत्या वयात, स्वतःच्या साक्षीवर, पाण्यात पूर्ण बुडवून दिला जातो. म्हणून १९३५ सालच्या नोंदीतली व्यक्ती पंधरा वर्षांची असू शकते, तशीच पन्नास वर्षांची गृहस्थाश्रमी बाईही असू शकते, आणि बाप्तिस्म्याच्या तारखेवरून वंशावळ मांडू गेल्यास आजोबा आणि नातू एकाच पिढीत येऊन बसतात. वय ठरवण्यासाठी विवाहाची नोंदवही अधिक उपयोगी पडते. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखालील नोंदींत बहुधा वधूवरांचे वय, व्यवसाय, राहण्याचे गाव, वडिलांचे नाव आणि साक्षीदार दिलेले असतात. साक्षीदारांच्या सह्या व अंगठे पाहिले तरी त्या काळी मंडळीत कोणाचे कोणाशी नाते होते ते उलगडू लागते.

बाप्तिस्मा कोठे झाला हेही नोंदीत शोधावे. मंदिरात कुंड बांधण्यापूर्वी बाप्तिस्मे नदीत, ओढ्याच्या डोहात, विहिरीवर किंवा पाटाच्या पाण्यात होत. गोदावरी, दारणा, कादवा, गिरणा, मोसम यांपैकी कोणत्या नदीच्या कोणत्या घाटावर किंवा डोहात हा विधी झाला, हे गावातल्या वृद्धांना अजूनही दाखवता येते. ती जागा प्रत्यक्ष जाऊन पाहावी, तिचे छायाचित्र घ्यावे आणि स्थानिक नावासह नोंद करावी. धरणे व कालवे झाल्यावर नद्यांची पात्रे पुष्कळ बदलली आहेत, त्यामुळे काही जागा आज पाण्याखाली असतील आणि काही कोरड्या पडल्या असतील. हेही लिहिण्यासारखे आहे.

सर्वांत पहिल्या सभासदांची नावे आपल्या वहीत एकदम प्रौढ आणि आधीच बाप्तिस्मा झालेले म्हणून आली असतील, तर ती कुटुंबे दुसऱ्या मंडळीतून आली आहेत असे समजून पुढे शोध घ्यावा. नाशिकला अँग्लिकन पंथाच्या चर्च मिशनरी सोसायटीचे काम १८३२ पासून होते आणि १८५० च्या दशकात विल्यम सॉल्टर प्राइस यांच्या पुढाकाराने शहराजवळ शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत उभी राहिली. तेथून पुढे तालुक्यातालुक्यांत शिक्षक, प्रचारक आणि कारागीर गेले. अशा कुटुंबाची मागची नोंद अँग्लिकन नोंदवहीत, म्हणजे आज उत्तर भारतीय मंडळीच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या) ताब्यातील कागदांत मिळू शकते. अहमदनगरकडून आलेली कुटुंबे असतील तर अमेरिकन मराठी मिशनचे कागद पाहावेत. त्या मिशनचे 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ साली अहमदनगरला सुरू झाले आणि त्यातील गावोगावच्या वृत्तांतांत नावे व तारखा येतात.

आपली मंडळी कोणत्या मिशनच्या कामातून उभी राहिली, हे इतिवृत्तातील पत्रव्यवहारावरून किंवा जमिनीच्या कागदावरून आधी निश्चित करावे आणि मगच परदेशी संग्रहांकडे वळावे. ब्रिटिश बाप्टिस्ट मिशनरी सोसायटीचे दफ्तर ऑक्सफर्डच्या रीजंट्स पार्क कॉलेजातील अँगस ग्रंथालयात आहे, अमेरिकन बाप्टिस्टांचे दफ्तर अटलांटा येथील अमेरिकन बाप्टिस्ट हिस्टॉरिकल सोसायटीकडे आहे आणि चर्च मिशनरी सोसायटीचे दफ्तर बर्मिंगहॅम विद्यापीठात आहे. देशात श्रीरामपूरच्या, म्हणजे बंगालमधील सेरामपूरच्या कॉलेजातील केरी ग्रंथालय आणि बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजातील संग्रह यांची मदत होते. ईमेल लिहिताना गावाचे नाव जुन्या इंग्रजी लेखनाप्रमाणे कसे कसे लिहिले जात असे ते सर्व पर्याय द्यावेत, वर्षांची मर्यादा सांगावी आणि एका वेळी एकच प्रश्न विचारावा. 'आमच्या मंडळीची सर्व माहिती पाठवा' अशा पत्राला उपयुक्त उत्तर क्वचितच येते.

जमिनीचे कागद हा दुसरा भक्कम आधार आहे. सातबारा उतारा आजची स्थिती दाखवतो, इतिहास सांगतो तो फेरफार. मंदिराच्या आणि दफनभूमीच्या गटाचा जुना सर्व्हे क्रमांक घेऊन तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जुन्या फेरफार नोंदींच्या नकलांसाठी अर्ज करावा. जागा गावठाणात किंवा सिटी सर्व्हेत असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मालमत्ता पत्रकाची चौकशी करावी. जमीन कोणी दिली, विकत घेतली की बक्षीसपत्राने मिळाली, ती मिशनच्या नावावर होती की पंचांच्या, हे फेरफारात सापडते. जुने खरेदीखत मोडी लिपीत असेल तर जाणकाराकडून त्याचे देवनागरी लिप्यंतर करून घ्यावे आणि मूळ कागदाच्या प्रतीसोबत ते जपून ठेवावे. कागदावर शके दिले असेल तर त्यात ७८ मिळवून इसवी सन काढावा. १ जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत, म्हणजे साधारणपणे पौष ते फाल्गुन या काळात, हा फरक ७९ होतो, हे विसरू नये. अमेरिकन मिशनऱ्यांच्या कागदांत महिना आधी आणि दिवस नंतर असतो, त्यामुळे अंकांत लिहिलेली ४/७ ही तारीख ४ जुलै नसून ७ एप्रिल असू शकते. एवढ्याशा गोष्टीवरून स्थापना दिन तीन महिने पुढे गेल्यास पुढची सारी गणिते चुकतात.

मंडळीची नोंदणी सार्वजनिक न्यास म्हणून झाली असेल तर नाशिकच्या धर्मादाय कार्यालयातील कागद अवश्य पाहावेत. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदणी करताना दिलेल्या मूळ अर्जात त्या वेळचे विश्वस्त, स्थावर मालमत्ता आणि विश्वस्त नेमण्याची पद्धत दिलेली असते, आणि नंतरच्या बदल अर्जांवरून विश्वस्तांची क्रमवार यादी तयार होते. या शोधात मालमत्तेच्या नोंदी अपुऱ्या असल्याचे लक्षात आले, तर सोहळ्याची वाट न पाहता वकिलांच्या सल्ल्याने त्या दुरुस्त करून घ्याव्यात.

याखेरीज दोन-तीन ठिकाणे सहसा दुर्लक्षित राहतात. घरोघरच्या जुन्या बायबलच्या कोऱ्या पानांवर जन्म, विवाह आणि मृत्यू लिहिलेले असतात. दफनभूमीतील शिळा वाचाव्यात आणि ज्या कबरींवर केवळ दगड रचलेले आहेत त्यांचा नकाशा जुन्या माणसांसोबत फिरून काढावा; हे काम पावसाळ्यापूर्वी गवत वाळलेले असताना करावे. कोनशिलेवर तैलरंगाचे थर चढले असतील तर छिन्नी लावू नये. सकाळच्या तिरक्या उन्हात छायाचित्र घेतल्यास बरीचशी अक्षरे उमटतात. शिवाय १८८३ साली प्रसिद्ध झालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नाशिक जिल्ह्याचा सोळावा खंड आणि १८४० साली स्थापन झालेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातील जुनी ग्रंथसंपदा चाळावी, म्हणजे त्या काळच्या गावाचे, बाजाराचे आणि रस्त्यांचे चित्र स्पष्ट होते.

कागद हाताळताना पान चिकटपट्टीने जोडू नये, लॅमिनेशन तर कदापि करू नये. दोन्हींमुळे कागद कायमचा बिघडतो. वही खिडकीजवळ, थेट ऊन लागणार नाही अशा उजेडात ठेवून मोबाइलने प्रत्येक पानाचे छायाचित्र फ्लॅश न वापरता घ्यावे आणि प्रत्येक फोटोत वहीचे नाव व पानाचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी दिसू द्यावी. छोटी जुनी छायाचित्रे स्कॅन करायची असल्यास ६०० डीपीआयवर करावीत. छायाचित्राच्या मागे पेनाने नावे लिहू नयेत, मऊ पेन्सिल वापरावी. सर्व फाइलींच्या तीन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी असाव्यात आणि त्यांपैकी एक गावाबाहेर असावी.

माणसांच्या आठवणी

मंडळीतल्या सर्वांत वृद्ध व्यक्तींपासून सुरुवात करावी आणि पहिल्या भेटीत काहीही ध्वनिमुद्रित करू नये. बसावे, चहा घ्यावा, कामाचा हेतू सांगावा आणि पुढच्या भेटीची वेळ ठरवावी. दुसऱ्या भेटीला जुनी छायाचित्रे सोबत न्यावीत. 'पूर्वी मंडळी कशी होती?' या प्रश्नाला दोन वाक्यांत उत्तर मिळते, पण एखाद्या फोटोतल्या माणसांवर बोट ठेवून 'हे कोण?' असे विचारले की तासभर गोष्टी निघतात. पेठ, सुरगाणा, कळवण या भागातल्या आजी-आजोबांना कोकणा जमातीच्या कोकणी बोलीत बोलणे सोपे जात असेल तर त्यांना त्याच बोलीत बोलू द्यावे आणि मुलाखत घेणारी व्यक्तीही तीच बोली जाणणारी असावी.

वर्षे विचारू नयेत, घटना विचाराव्यात. आपल्या जिल्ह्यातली माणसे काळ सिंहस्थावरून मोजतात, आणि बारा वर्षांनी येणारा हा मेळा फार उपयोगी खूण आहे. १९९१, २००३ आणि २०१५ या सालांचे सिंहस्थ बहुतेकांच्या लक्षात आहेत. गोदावरीचा १९६९ चा महापूर आणि बहात्तरचा दुष्काळ याही तशाच खुणा होत. मिलो ज्वारी आणि सुकडी वाटली जात होती तेव्हा मंदिराला कौले होती की पत्रे, पाळकसाहेब कोण होते, दुष्काळी कामावर गेलेल्यांच्या रविवारच्या उपासनेची काय व्यवस्था होती, असे विचारले की नेमके उत्तर येते. त्याहून जुना काळ, म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ किंवा १९३० चा काळाराम मंदिर सत्याग्रह, ऐकीव आठवणींत असतो; तो 'आईकडून ऐकलेले' असे म्हणूनच नोंदवावा.

बायकांच्या मुलाखती स्वतंत्रपणे, शक्यतो महिला मंडळातल्या कोणी घ्याव्यात. घरातली पुरुष माणसे समोर असली की आजी 'त्यांनाच विचारा' म्हणून गप्प बसतात. घरोघर जाऊन वचन सांगणाऱ्या बायबलबाई, सुईणी, शब्बाथ शाळेच्या शिक्षिका आणि मूठभर धान्य रोज बाजूला काढून अर्पणाची टोपली भरणाऱ्या गृहिणी यांची नावे इतिवृत्तात बहुधा 'अमक्याची पत्नी' अशीच सापडतात. ती पूर्ण नावे मिळवण्यासाठी जेवढा वेळ जाईल तेवढा द्यावा. ज्या जिल्ह्यातील जलालपूर गावी लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म झाला, त्या जिल्ह्यातल्या मंडळीच्या इतिहासात स्त्रिया नावाविना राहू नयेत असे मला मनापासून वाटते.

एका नाजूक बाबीचा येथेच उल्लेख करतो. पूर्वजांची जात किंवा जमात आणि धर्मांतराची हकीकत हा या इतिहासाचा गाभा आहे. ती लपवल्यास त्या माणसांनी सोसलेले बहिष्कार आणि दाखवलेले धैर्य दोन्ही पुसले जातात. परंतु १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या व्यक्तीला अनुसूचित जातीचा दर्जा राहत नाही, अनुसूचित जमातींना मात्र धर्माची अशी अट नाही, आणि या फरकामुळे छापील मजकुराचे परिणाम आजच्या कुटुंबांच्या कागदपत्रांपर्यंत पोहोचू शकतात. म्हणून कोणत्याही कुटुंबाची अशी माहिती त्या कुटुंबाला वाचून दाखवल्याशिवाय आणि लेखी संमती घेतल्याशिवाय छापू नये. संमती नसेल तर मुलाखत मंडळीच्या कपाटात मोहोरबंद ठेवावी आणि ती कधी उघडावी हे त्या कुटुंबालाच ठरवू द्यावे.

लिहिताना

अनेक स्मरणिकांची पहिली वीस पाने विल्यम केरी यांना दिलेली असतात आणि गावच्या मंडळीच्या वाट्याला शेवटची चार पाने येतात. हे प्रमाण उलटे असावे. केरींबद्दल एक परिच्छेद पुरेसा आहे, पण तो बिनचूक असावा. बाप्टिस्ट मिशनरी सोसायटीची स्थापना १७९२ मध्ये इंग्लंडमधील केटरिंग येथे झाली; केरी १७९३ मध्ये बंगालला आले आणि १८०० मध्ये सेरामपूरचे मिशन सुरू झाले. त्यांनी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवली, पंडित वैजनाथ शर्मा यांच्या साहाय्याने १८०५ साली मराठी व्याकरण आणि १८१० साली मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, आणि १८११ मध्ये सेरामपूरहून मराठी नवा करार निघाला. मराठी भाषेवर त्यांचे हे ऋण आहे; तथापि ते महाराष्ट्रात कधी आले नाहीत, म्हणून 'केरींनी आमच्या भागात सुवार्ता आणली' असे वाक्य लिहिले जाऊ नये. तीच काळजी शरणपूरविषयी घ्यावी. तेथील आश्रमात वाढलेले जेकब वेनराइट हे आफ्रिकेत काम केलेले मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या पार्थिवासोबत इंग्लंडला गेले आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतील अंत्यविधीला उपस्थित होते, ही नाशिककरांना अभिमान वाटावा अशी हकीकत आहे; पण ती चर्च मिशनरी सोसायटीच्या इतिहासातली आहे आणि आपल्या मंडळीशी संबंध दाखवणारा कागद नसल्यास तिला आपल्या स्मरणिकेत जागा देऊ नये.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे उत्तर भारतीय मंडळीची स्थापना झाली तेव्हा काही बाप्टिस्ट मंडळ्या त्या ऐक्यात गेल्या आणि अनेक बाहेर राहिल्या. त्या सुमारास आपल्या मंडळीत काय चर्चा झाली हे इतिवृत्तात पाहावे. या किंवा अन्य कारणाने मंडळीत फूट पडली असेल, तर ते प्रकरण गाळू नये. सभेची तारीख, मांडलेला ठराव, झालेला निर्णय आणि वेगळ्या झालेल्या कुटुंबांनी पुढे कोठे उपासना सुरू केली, एवढे विशेषणे न वापरता लिहावे आणि छापण्यापूर्वी तो मजकूर त्या दुसऱ्या मंडळीच्या वडिलांनाही वाचायला द्यावा. शिस्तभंगाच्या वैयक्तिक नोंदी मात्र, त्या कितीही जुन्या असोत, छापू नयेत.

प्रत्येक विधानाचा आधार मजकुरातच सांगावा: इतिवृत्तानुसार, फेरफार नोंदीनुसार, अमुक आजींच्या सांगण्यानुसार. कागद आणि आठवण यांत फरक पडला तर दोन्ही द्यावेत. जुन्या नोंदींत आडनावे नसतात आणि योहान, शिमोन, मार्था ही नावे प्रत्येक पिढीत येतात, म्हणून व्यक्तीचे नाव वडिलांच्या किंवा पतीच्या नावासह लिहावे. पाळकांची यादी सगळेच करतात; घंटा वाजवणारे, पाणी भरणारे, भजनात तबला धरणारे आणि स्वतःच्या बैलगाडीतून मंदिराचा दगड वाहणारे यांचीही नोंद तितक्याच आदराने व्हावी.

नावांची संपूर्ण यादी छापण्यापूर्वी मंदिराच्या भिंतीवर लागोपाठ काही रविवार लावून ठेवावी आणि शेजारी पेन बांधून ठेवावे. छपाईची बाजू थोडक्यात सांगतो. मजकूर युनिकोडमध्ये तयार करावा. छापखान्यात तो दुसऱ्या फाँटमध्ये रूपांतरित होताना जोडाक्षरे आणि रफार बिघडतात, म्हणून अंतिम प्रूफ कागदावर घेऊन दोन माणसांनी मोठ्याने वाचून तपासावे. पृष्ठसंख्या आठच्या किंवा सोळाच्या पटीत ठेवावी आणि जाहिरातींची पाने शेवटी एकत्र घ्यावीत.

सोहळ्याचा दिवस

स्थापना दिन पावसाळ्यात येत असेल तर त्या तारखेला साधी उपकारस्तुतीची उपासना करावी आणि मोठा मेळावा दुसऱ्या हंगामात ठेवावा. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर आणि पेठ भागात जुलै-ऑगस्टमध्ये मांडव टिकत नाही. निफाड आणि दिंडोरीकडे जानेवारीपासून एप्रिलपर्यंत द्राक्षांची काढणी असते आणि त्या दिवसांत शेतमजूर कुटुंबांना दिवसभर मोकळे होता येत नाही. दिवाळीनंतरचा नोव्हेंबर मला सर्वांत सोयीचा वाटतो. मुंबई-पुण्याला गेलेल्या नातलगांसाठी मे महिन्याची सुट्टी चालते, मात्र मग मुख्य उपासना सकाळी लवकर उरकावी लागते. २०२७ च्या सिंहस्थाच्या काळात नाशिक शहरात निवास आणि वाहने मिळणे कठीण जाईल, हेही तारीख ठरवताना ध्यानात घ्यावे.

आदल्या दिवशी सायंकाळी दफनभूमीची स्वच्छता करून तेथे प्रार्थना घ्यावी. मुख्य उपासनेत यहोशवाच्या पुस्तकाचा चौथा अध्याय वाचावा. यार्देनेतून उचललेल्या बारा दगडांचा अर्थ मुलांनी विचारला तर काय सांगावे, हे त्यात आहे आणि आपण लिहिलेल्या इतिहासाचेही तेच प्रयोजन आहे. दिवंगत सभासदांची नावे तरुणांनी वाचावीत. कोणी बाप्तिस्म्यासाठी तयार असेल तर तो विधी याच दिवशी व्हावा आणि शक्य असल्यास जुन्या जागी, नदीवर व्हावा. पाण्याची खोली आधी तपासावी आणि धरणातून पाणी सोडण्याच्या वेळा पाटबंधारे खात्याकडून माहीत करून घ्याव्यात. त्यानंतर प्रभुभोजन. पाहुण्यांची भाषणे दोनपेक्षा अधिक नसावीत. त्या वेळात गावच्या भजनी मंडळाला बसवावे. नारायण वामन टिळकांनी ज्या अभंग-ओव्यांच्या वळणावर ख्रिस्ती गीते रचली ते वळण शेजारच्या वारकरी कुटुंबांनाही आपले वाटते आणि तेही येऊन बसतात.

सरपंच, पोलीस पाटील, शाळेचे मुख्याध्यापक आणि शेजारच्या सर्व समाजाच्या लोकांना घरी जाऊन निमंत्रण द्यावे. ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलीस ठाण्यातून आधी घ्यावी आणि रात्री दहानंतर तो बंद ठेवावा. देणग्या न्यासाच्या खात्यावर, पावती देऊनच स्वीकाराव्यात. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातलगांकडून पैसे घेण्यासाठी विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. तेथे राहणारा पण भारतीय पारपत्र असलेला नातलग आपल्या बचतीतून देणगी देऊ शकतो. शंका असेल तर लेखापालांना विचारूनच रक्कम घ्यावी.

सोहळ्यानंतर महिनाभरात सर्व मूळ कागद ज्यांचे त्यांना परत द्यावेत किंवा ठरल्याप्रमाणे कपाटात ठेवून त्यांची यादी सभेत वाचावी. स्मरणिकेच्या प्रती मुलाखत दिलेल्या प्रत्येक घरी स्वतः जाऊन द्याव्यात, गावच्या शाळेला एक द्यावी, नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात एक द्यावी आणि ज्या संग्रहांनी माहिती पुरवली त्यांना एकेक पाठवावी. वर्धापन दिनाच्या दिवशी झालेल्या बाप्तिस्म्यांची नोंद त्याच आठवड्यात करावी, आणि ती करताना बाप्तिस्म्याच्या जागेसाठी व जन्मतारखेसाठी वहीत स्वतंत्र रकाने आखून घ्यावेत.